उपचार आधी, कारण नंतर: एपीएल आणि यूग द ते यांचे संशोधन

रक्ताच्या कर्करोगांमध्ये एक प्रकार असा आहे, की पहिल्या काही दिवसांत तो अत्यंत झपाट्याने जीव घेऊ शकतो, आणि ते दिवस निभावले तर प्रौढांच्या तीव्र ल्युकेमियांमध्ये तोच सर्वांत खात्रीने बरा होतो. अक्यूट प्रोमायलोसायटिक ल्युकेमिया हे त्याचे पूर्ण नाव. रुग्णालयात सगळे त्याला एपीएल म्हणतात. जुन्या पिढीतले डॉक्टर अजूनही एम-थ्री म्हणतात. मी पॅथॉलॉजिस्ट आहे. रुग्णाला औषध देणे हे माझे काम नाही. रक्ताची काचपट्टी पाहून आजार ओळखायचा आणि तो वेळेत कळवायचा, एवढाच माझा वाटा. मात्र ज्या आजाराचा अहवाल देताना मला सर्वाधिक घाई असते आणि देऊन झाल्यावर सर्वाधिक आशाही असते, असा हा एकच आजार आहे. ही आशा कुठून आली याचा माग काढत गेले, की पॅरिसमधील यूग द ते या संशोधकाच्या कामापाशी थांबावे लागते. गेली काही वर्षे त्यांचे आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे निबंध मी जमेल तसे वाचत आले आहे, आणि त्यातून जे समजले ते इथे सविस्तर मांडते आहे.

आधी आजार पाहू. आपल्या अस्थिमज्जेत पांढऱ्या पेशी टप्प्याटप्प्याने परिपक्व होतात. त्यांपैकी प्रोमायलोसाइट या टप्प्यावर पेशी अडकून पडल्या, पुढे सरकेनाशा झाल्या आणि तशाच अपक्व अवस्थेत वाढत राहिल्या, की एपीएल होतो. लिशमन रंगाने रंगवलेल्या काचपट्टीवर तेलाची भिंग लावून पाहिले, तर या पेशी एकदा पाहिल्यावर विसरत नाहीत. पेशीद्रवात जांभळट-तांबूस कणांची इतकी दाटी असते, की केंद्रकाची कड शोधावी लागते. काही पेशींत या कणांतल्याच द्रव्यापासून झालेल्या बारीक लालसर काड्या दिसतात, आणि एखाद्या पेशीत तर अशा काड्यांची सरपणाच्या मोळीसारखी जुडीच पडलेली असते. तशी एक जरी पेशी दिसली, तरी निदान जवळपास झालेच असे समजून मी फोन उचलते.

अडचण अशी, की या आजारात बऱ्याचदा एकूण पांढऱ्या पेशी कमी झालेल्या असतात आणि रक्तात फिरणाऱ्या विकृत पेशी मोजक्याच असतात. मोजणी करणारे यंत्र फक्त तिन्ही प्रकारच्या पेशी, म्हणजे लाल, पांढऱ्या आणि प्लेटलेट, कमी झाल्याचे सांगते. आपल्याकडे पावसाळ्यात ताप आणि कमी प्लेटलेट एवढे दोनच आकडे समोर आले, की विचार सरळ डेंगीकडे जातो, आणि बहुतेक वेळा तो बरोबरही असतो. पण हिरड्यांतून रक्त, अंगावर मोठे काळेनिळे डाग, सुई टोचलेल्या जागेतून न थांबणारे रक्त आणि सोबत कमी झालेल्या पांढऱ्या पेशी असे चित्र असेल, तर काचपट्टी माणसाच्या डोळ्यांनी पाहिलीच पाहिजे, यावर मी ठाम आहे. एपीएलच्या पेशी रक्त गोठवणारी द्रव्ये आणि गुठळ्या विरघळवणारी द्रव्ये दोन्ही बाहेर टाकतात. त्यामुळे गोठण्यासाठी लागणारा फायब्रिनोजेनसारखा साठा संपत जातो आणि मेंदूत किंवा फुप्फुसात रक्तस्राव होऊन रुग्ण दगावतो. १९५७ साली नॉर्वेतील लेइफ हिल्लेस्टाड यांनी तीन रुग्णांच्या आधारे हा स्वतंत्र आजार म्हणून मांडला, तेव्हा त्यांनी नोंदवलेले वैशिष्ट्य हेच होते: तीव्र रक्तस्राव आणि काही आठवड्यांतच ओढवणारा मृत्यू. पुढे फ्रान्समध्ये जाँ बेर्नार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डॉनोरुबिसिन या केमोथेरपीच्या औषधाने काही रुग्ण बरे करून दाखवले. परंतु केमोथेरपीने पेशी फुटल्या, की त्यांच्यातील द्रव्ये रक्तात सांडून रक्तस्राव आणखी भडकत असे. रुग्ण आजाराने जातो की उपचाराने, हे सांगणे अवघड व्हावे अशी ती अवस्था होती.

या कोंडीतून पहिली वाट शांघायमध्ये निघाली. तिथल्या रुईजिन रुग्णालयातील वांग झेनयी यांच्या मनात वेगळाच विचार होता: कर्करोगाच्या पेशीला मारण्याऐवजी तिला परिपक्व करता आले तर? ल्युकेमियाच्या पेशी योग्य संकेत मिळाल्यास परिपक्व होऊ शकतात, हे प्रयोगशाळेत इतरांनी दाखवले होते, आणि ‘अ’ जीवनसत्त्वापासून होणारे रेटिनोइक आम्ल असा संकेत देऊ शकते हेही माहीत झाले होते. वांग यांनी त्याचा एक विशिष्ट प्रकार निवडला. त्याला आज आपण ट्रेटिनॉइन किंवा एट्रा म्हणतो. हे औषध त्वचारोगांसाठी चीनमध्येच तयार होत होते. १९८०च्या दशकाच्या मध्यावर, इतर उपचार हरल्यानंतर, त्यांनी ते पाच वर्षांच्या एका मुलीला दिले आणि ती बरी झाली. १९८८ साली त्यांच्या गटाने २४ रुग्णांचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांपैकी २३ जणांचा आजार केवळ या गोळ्यांनी नियंत्रणात आला होता आणि उरलेल्या एकाला सोबत थोडी केमोथेरपी द्यावी लागली होती. रक्तस्राव वाढण्याऐवजी काही दिवसांत ओसरत होता, हे त्यातले सर्वांत महत्त्वाचे निरीक्षण होते. ज्याने जुन्या पद्धतीचा उपचार पाहिला असेल, त्यालाच त्याचे मोल कळेल.

मात्र हे का घडते, याचे उत्तर शांघायमध्ये कोणापाशी नव्हते, आणि ते नसतानाही उपचार सुरू झाला होता. रेटिनोइक आम्ल इतर ल्युकेमियांत निष्प्रभ ठरते आणि नेमके याच आजारात चालते, हे कोडे घेऊन ही गोष्ट पॅरिसला पोहोचते.

वांग फ्रेंच उत्तम जाणत होते. पॅरिसच्या सँ-लुई रुग्णालयातील लोरां देगो यांच्याशी त्यांचा संबंध जुळला, औषध तिकडे गेले, आणि वांग यांचे विद्यार्थी चेन झू व चेन सायजुआन हे दोघे याच रुग्णालयात संशोधन करून परतले. दरम्यान १९८७ मध्ये रेटिनोइक आम्ल पेशीत ज्या प्रथिनाला जाऊन चिकटते, तो ग्राहक सापडला होता आणि त्याचे जनुक १७व्या गुणसूत्रावर असल्याचे कळले होते. त्याच्या दहा वर्षे आधी, १९७७ साली, शिकागोमधील जॅनेट राउली यांनी एपीएलच्या पेशींत १५व्या आणि १७व्या गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल झालेली असते, हे दाखवून ठेवले होते. दोन्ही गोष्टी वाचकांसमोर होत्या. त्या एकत्र आणण्यासाठी रेटिनोइक आम्लाच्या ग्राहकांवर काम केलेला आणि ल्युकेमियाचे रुग्ण पाहणाऱ्या डॉक्टरांच्या संगतीत वावरणारा माणूस हवा होता.

यूग द ते तसे होते. ते वैद्यकीचे पदवीधर. त्यांचे वडील गी द ते हेही कर्करोग आणि विषाणू यांच्या संबंधांवर काम करणारे नामवंत विषाणुतज्ज्ञ. पाश्चर संस्थेत आन देजाँ यांच्यासोबत त्यांनी यकृताच्या कर्करोगाचा अभ्यास करताना याच कुळातील दुसऱ्या एका ग्राहकाचे जनुक शोधले होते. १९९० मध्ये देजाँ, देगो, क्रिस्तिन शोमियेन आणि मिशेल लानोत यांच्यासह त्यांनी दाखवून दिले, की एपीएलमध्ये १७व्या गुणसूत्रावर तुटलेले जनुक रेटिनोइक आम्लाच्या ग्राहकाचेच असते आणि ते १५व्या गुणसूत्रावरील तोवर अज्ञात असलेल्या एका जनुकाला जोडले गेलेले असते. त्या अज्ञात जनुकाला पुढे पीएमएल हे नाव स्थिरावले. त्याच सुमारास लंडन आणि अमेरिकेतील गटही याच निष्कर्षाला आले. म्हणजे काहीही माहीत नसताना शांघायच्या डॉक्टरांनी जे औषध दिले, ते नेमके बिघडलेल्या प्रथिनालाच जाऊन भिडणारे होते. वैद्यकाच्या इतिहासात असे योगायोग फार थोडे असतील, आणि तो योगायोग होता हे मान्य केल्याने वांग यांचे श्रेय तिळभरही कमी होत नाही. रुग्णांच्या बिछान्यापाशी जे दिसले त्यावर विश्वास ठेवण्याचे धैर्य त्यांचेच होते.

आता बिघाड नेमका काय होतो ते पाहू. निरोगी पेशीत हा ग्राहक परिपक्वतेच्या जनुकांवर बसलेला असतो. रेटिनोइक आम्ल नसेल तेव्हा तो ती जनुके बंद ठेवतो, आणि शरीरात नेहमी असते तेवढे थोडेसे रेटिनोइक आम्ल येऊन चिकटले, की ती सुरू करतो. पीएमएलशी जोडला गेलेला विकृत ग्राहक मात्र जनुके इतक्या घट्टपणे बंद ठेवतो, की शरीरातील नेहमीच्या प्रमाणाला तो दाद देत नाही. औषध म्हणून दिलेल्या मोठ्या मात्रेलाच तो जागचा हलतो. हे झाले प्रथिनाच्या एका अर्ध्या भागाचे. दुसऱ्या अर्ध्याची, म्हणजे पीएमएलची, कहाणी द ते यांच्या प्रयोगशाळेत पुढची अनेक वर्षे उलगडत राहिली, आणि मला तीच अधिक मोलाची वाटते.

निरोगी पेशीचे केंद्रक प्रतिदीप्ती सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले आणि पीएमएल प्रथिनाला चमकणारी खूण लावली, तर केंद्रकात मोजता येतील एवढे गोल, ठळक ठिपके दिसतात. एपीएलच्या पेशीत हे ठिपके नाहीसे होऊन त्यांच्या जागी केंद्रकभर शेकडो सूक्ष्म कण विखुरलेले दिसतात. रेटिनोइक आम्ल दिल्यावर ते विखुरलेपण जाते आणि गोल ठिपके पुन्हा जमतात. १९९४ मध्ये पॅरिसमधील गटासह अनेकांनी हे निरीक्षण प्रसिद्ध केले. उपचार लागू पडत असताना पेशीच्या आत काय पूर्ववत होते, हे डोळ्यांनी पाहता येण्याची ही दुर्मीळ संधी होती. या ठिपक्यांचे काम तेव्हा कोणालाच नीट उमगले नव्हते. पुढे त्यांचा संबंध पेशीच्या वार्धक्याशी आणि मृत्यूशी असल्याचे दिसून आले.

इथे या गोष्टीत सोमल येतो. आर्सेनिक ट्रायऑक्साइड म्हणजे आपल्या जुन्या वैद्यकाला आणि जुन्या खूनखटल्यांनाही ठाऊक असलेला सोमल. युरोपातही एकोणिसाव्या शतकात आर्सेनिकचे द्रावण दुसऱ्या एका ल्युकेमियासाठी वापरात होते आणि नंतर मागे पडले. १९७०च्या दशकाच्या आरंभी ईशान्य चीनमधील हार्बिन येथे झांग टिंगडोंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका ग्रामीण उपचारकाच्या पारंपरिक मिश्रणाचा मागोवा घेतला. त्यात आर्सेनिक, पाऱ्याचे संयुग आणि बेडकाचे विष असे घटक होते. त्यांनी त्याचे इंजेक्शन बनवले, एकेक घटक वगळून पाहिला आणि गुण आर्सेनिकचाच आहे, इतर दोन घटक केवळ अपाय करतात, असे ठरवले. त्यांच्या अनुभवात सर्वांत चांगला परिणाम एपीएलमध्ये दिसत होता. हे निष्कर्ष चिनी नियतकालिकांत प्रसिद्ध झाले आणि बाहेरच्या जगाने १९९६-९७ पर्यंत त्यांची दखल घेतली नाही. त्यानंतर शांघायच्या गटाने आजार उलटलेल्या दहा रुग्णांपैकी नऊ जणांना आर्सेनिकने पुन्हा आराम पडल्याचे कळवले, १९९८ मध्ये न्यूयॉर्कमधील डॉक्टरांनी अशाच बारा रुग्णांपैकी अकरा जणांत तोच परिणाम पाहिला, आणि सप्टेंबर २००० मध्ये अमेरिकेत या औषधाला मान्यता मिळाली.

कोडे आता आणखी गहिरे झाले. रेटिनोइक आम्ल ग्राहकाला चिकटते म्हणून चालते, हे समजले होते. पण आर्सेनिकला त्या ग्राहकाशी काही देणेघेणे नाही, मग ते याच एका आजारात एवढे प्रभावी का? द ते यांच्या गटाने १९९७ मध्ये दाखवले, की आर्सेनिक पीएमएलच्या अर्ध्या भागावर काम करते. ते विखुरलेले पीएमएल ठिपक्यांमध्ये ओढून आणते आणि त्यानंतर ते विकृत प्रथिन नष्ट होते. पुढे २००८ मध्ये व्हॅलेरी लालेमाँ-ब्राइटेनबाख आणि द ते यांनी या नाशाच्या पायऱ्या उलगडल्या. आर्सेनिकमुळे पीएमएलवर ‘सुमो’ नावाचे छोटे प्रथिन जोडले जाते. ती खूण ओळखणारे आरएनएफ-४ हे एन्झाइम त्यावर युबिक्विटिनची दुसरी खूण लावते. आणि ही दुसरी खूण लागलेले प्रथिन प्रोटिआसोम, म्हणजे पेशीतील प्रथिने तोडणारी यंत्रणा, तोडून टाकतो. दोन वर्षांनी चेन झू यांच्या गटाने आर्सेनिक पीएमएलमधील सिस्टीन या अमिनो आम्लाच्या गंधक असलेल्या जागांना थेट जोडले जाते, हे सिद्ध केले. रेटिनोइक आम्लही शेवटी ग्राहकाच्या बाजूने तेच विकृत प्रथिन मोडीत काढते. म्हणजे एकाच प्रथिनाच्या दोन टोकांना धरणारी दोन औषधे, जगाच्या दोन कोपऱ्यांत, एकमेकांशी संबंध नसलेल्या वाटांनी, कारण माहीत नसताना सापडलेली होती.

इथवरची गोष्ट अनेक ठिकाणी सांगितली जाते. द ते यांच्या कामाचा खरा कस मला पुढच्या प्रश्नात दिसतो. सगळे म्हणत होते, की रेटिनोइक आम्ल पेशींना परिपक्व करते आणि म्हणून रुग्ण बरा होतो. पण तसे असेल, तर केवळ या गोळ्यांवर ठेवलेल्या रुग्णांचा आजार काही महिन्यांत उलटत का होता? काचपट्टीवर पेशी परिपक्व झालेल्या दिसत आणि तरीही आजार परत येई. उंदरांवरील प्रयोगांतून द ते यांच्या गटाने या दोन गोष्टी वेगळ्या करून दाखवल्या. रेटिनोइक आम्लाच्या कमी मात्रेत पेशी परिपक्व होतात, पण आजाराचे मूळ असलेल्या, स्वतःची पुनर्निर्मिती करू शकणाऱ्या पेशी टिकून राहतात. विकृत प्रथिन पुरते नष्ट झाले, तरच ते मूळ संपते. नंतर २०१४ मध्ये त्यांनी असेही दाखवले, की विकृत प्रथिन गेल्यावर पीएमएलचे ठिपके पुन्हा उभे राहतात, ते पी-५३ या रक्षक प्रथिनाला जागे करतात आणि पेशीची वाढण्याची क्षमताच संपते. ज्या उंदरांच्या पेशींत पी-५३ किंवा पीएमएल काढून टाकले होते, त्यांच्यात औषध देऊनही आजार मुळापासून गेला नाही. डोळ्यांना दिसणारा परिणाम आणि बरे होण्याचे खरे कारण या दोन निराळ्या गोष्टी असू शकतात, हे इतक्या नेटकेपणाने सिद्ध झालेले मी कर्करोगाच्या अभ्यासात फारसे पाहिलेले नाही. काचपट्टीवर विसंबणाऱ्या माझ्यासारखीला तर हे सतत लक्षात ठेवावे लागते. उपचार चालू असताना पाठवलेल्या अस्थिमज्जेत प्रोमायलोसाइट दिसले म्हणून घाबरायचे नसते आणि नाहीत म्हणून निश्चिंतही व्हायचे नसते. आजार गेला की नाही हे काही महिन्यांनी केलेली पीएमएल-आरएआरए जनुकाची, म्हणजे पीएमएल आणि ग्राहक यांच्या त्या जोडजनुकाची, पीसीआर तपासणीच सांगते.

प्रथिन दोन्ही टोकांनी धरले तर? १९९९ मध्येच द ते यांच्या गटाने उंदरांत दोन्ही औषधे एकत्र दिल्यावर आजार समूळ जातो, असे दाखवले होते. माणसांत त्याची निर्णायक कसोटी इटली आणि जर्मनीतील डॉक्टरांनी फ्रान्चेस्को लो-कोको यांच्या नेतृत्वाखाली घेतली. ज्यांच्या पांढऱ्या पेशी निदानावेळी दहा हजारांच्या वर गेलेल्या नाहीत, अशा रुग्णांच्या एका गटाला रेटिनोइक आम्ल आणि केमोथेरपी, तर दुसऱ्याला रेटिनोइक आम्ल आणि आर्सेनिक दिले. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार दोन वर्षांनंतर आजार न उलटता किंवा अन्य विघ्न न येता राहिलेल्यांचे प्रमाण केमोथेरपीच्या गटात ८६ टक्के आणि आर्सेनिकच्या गटात ९७ टक्के होते. केस गळवणारी, हृदयाला आणि अस्थिमज्जेला इजा करणारी नेहमीची केमोथेरपी अजिबात न देता तीव्र ल्युकेमिया बरा होतो, हे वाक्य माझ्या विद्यार्थिदशेत कोणी उच्चारले असते, तर आमच्या प्राध्यापकांनी त्याला वर्गात उभे केले असते. पांढऱ्या पेशी खूप वाढलेल्या रुग्णांना मात्र आजही सुरुवातीला सहसा थोडी केमोथेरपी जोडून दिली जाते.

भारताचा या गोष्टीतला वाटा मोठा आहे आणि तो पुरेसा सांगितला जात नाही, याची मला खंत वाटते. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमधील डॉक्टरांनी १९९८ पासून नव्याने निदान झालेल्या रुग्णांना केवळ आर्सेनिक देण्यास सुरुवात केली. रेटिनोइक आम्ल आणि केमोथेरपी, त्या दरम्यान होणारे जंतुसंसर्ग, लागणारे रक्त आणि रुग्णालयातील मुक्काम, हा सगळा खर्च बहुतेक कुटुंबांच्या आवाक्याबाहेर होता, हे त्यामागचे उघड कारण. विक्रम मॅथ्यूज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ मध्ये अशा ७२ रुग्णांचा अनुभव मांडला: ८६ टक्के रुग्णांना पूर्ण आराम पडला आणि तीन वर्षांनी जिवंत असण्याचा अंदाजही ८६ टक्क्यांच्या आसपासच होता. आराम पडल्यानंतरचा उपचार बाह्यरुग्ण म्हणून देता येत होता. उत्तम उपचार परवडत नाही म्हणून निवडलेली वाट मुळात कनिष्ठ नव्हती, असे त्या आकड्यांनी दाखवले. द ते यांच्या प्रयोगांशी हे ताडून पाहिले, तर त्याचे नवलही वाटत नाही, कारण आर्सेनिक एकटेच ते विकृत प्रथिन नष्ट करू शकते.

सोमल हे नाव आल्यावर एक गोष्ट कळकळीने सांगायलाच हवी. रुग्णालयात दिले जाणारे आर्सेनिक हे शुद्ध, मोजलेले औषध असते: साधारणपणे शरीराच्या दर किलो वजनामागे ०.१५ मिलिग्रॅम, शिरेतून, हळूहळू. ते चालू असताना वारंवार ईसीजी काढतात, कारण आर्सेनिकमुळे हृदयाची लय बिघडू शकते. पोटॅशियम आणि मॅग्नेशियम ठरावीक पातळीखाली जाऊ देत नाहीत. यकृताच्या तपासण्या होतात. दोन्ही औषधांनी सुरुवातीच्या दिवसांत ताप, धाप, वजनात अचानक वाढ आणि छातीत पाणी असा त्रास उद्भवू शकतो. त्याला डिफरन्सिएशन सिंड्रोम म्हणतात आणि संशय येताच डेक्सामेथासोन हे स्टिरॉइड सुरू करावे लागते. सोमल किंवा हरताळ, मनशीळ ही आर्सेनिकची खनिजे असलेली भस्मे ‘ब्लड कॅन्सरवर आर्सेनिक चालते’ असे सांगून कोणी विकत असेल, तर त्याच्यापासून रुग्णाला दूर ठेवावे. आर्सेनिकचा हा गुण मुख्यतः पीएमएल असलेल्या एका विशिष्ट प्रथिनापुरता आहे. इतर ल्युकेमियांत ते आजही विषच आहे.

द ते सध्या कॉलेज द फ्रान्समध्ये अध्यासनावर आहेत, आणि २०१८ मध्ये त्यांना, आन देजाँ यांना आणि चेन झू यांना मिळून स्वीडनचे शोबेरी पारितोषिक मिळाले. २०२० मध्ये चीनमधील एक मोठे विज्ञान पारितोषिक झांग टिंगडोंग आणि वांग झेनयी यांना विभागून देण्यात आले. मला हे दोन्ही सन्मान एकत्र वाचावेसे वाटतात, कारण उपचारामागचे कारण शोधणारे आणि उपचार शोधणारे यांच्यात रेघ ओढणे या आजारापुरते तरी अशक्य आहे. द ते यांच्या प्रयोगशाळेने पुढे एनपीएम-१ या जनुकातील बिघाडामुळे होणाऱ्या, कितीतरी अधिक रुग्णांत आढळणाऱ्या तीव्र ल्युकेमियातही हीच जोडी त्या विकृत प्रथिनाला नष्ट करू शकते का, हे तपासले आणि प्रयोगशाळेतील पेशींत तसे घडताना पाहिले. एपीएलमधले यश तिथे अजून आलेले नाही. तरीही विकृत प्रथिनाचे केवळ काम थांबवण्यापेक्षा ते प्रथिनच मोडीत काढावे, ही दिशा आज औषधनिर्मितीत अनेक ठिकाणी चोखाळली जाते आहे.

एवढे सारे कळूनही पहिले दिवस धोक्याचेच राहिले आहेत. स्वीडनमध्ये १९९७ ते २००६ या काळातील सर्व प्रौढ रुग्णांची राष्ट्रीय नोंद तपासली, तेव्हा २९ टक्के रुग्ण निदानापासून ३० दिवसांच्या आत दगावल्याचे आढळले. तो आरोग्यसेवा सर्वांपर्यंत पोहोचलेला देश आहे. औषधांच्या चाचण्यांतले ९७ टक्के हे चाचणीत दाखल होईपर्यंत जगलेल्यांचे आकडे असतात, हे विसरून चालत नाही. म्हणूनच जनुकाची तपासणी पक्की होण्याची वाट न पाहता, केवळ काचपट्टीवरील संशयावर ट्रेटिनॉइनच्या कॅप्सूल सुरू कराव्यात, असे जगभरातील मार्गदर्शक सूचना सांगतात. कॅप्सूल दहा मिलिग्रॅमच्या असतात. शरीराच्या आकारमानानुसार दिवसाच्या सात-आठ घ्याव्या लागतात. निदान चुकले तर त्या थांबवता येतात. सोबत प्लेटलेट आणि क्रायोप्रेसिपिटेट (रक्तातून वेगळा काढलेला, फायब्रिनोजेन असलेला घटक) देऊन रक्तस्राव आवरावा लागतो. जिल्ह्याच्या ठिकाणी ही कॅप्सूल औषधांच्या दुकानात अनेकदा नसते, मागवावी लागते, आणि त्यात एक-दोन दिवस जातात. माझ्या मते प्रत्येक जिल्हा रुग्णालयाच्या औषधसाठ्यात दोन-तीन रुग्णांना पहिला आठवडा पुरतील एवढ्या कॅप्सूल कायम असाव्यात. हा साठा मोठ्या शहराकडे निघालेल्या रुग्णाला रुग्णवाहिकेत बसवण्याआधी पहिली मात्रा देण्यासाठी हवा.

मोठ्या शहरात पोहोचल्यावरचा प्रश्न वेगळा असतो. आराम पडल्यानंतरही आर्सेनिक आठवड्यातून पाच दिवस, चार आठवडे द्यायचे, चार आठवडे थांबायचे, असे चार फेरे असतात. यवतमाळ किंवा नंदुरबारहून मुंबईला आलेल्या कुटुंबासाठी याचा अर्थ कित्येक महिने घराबाहेर राहणे असा होतो. दादरच्या संत गाडगे महाराज धर्मशाळेसारख्या जागा नसत्या, तर यांपैकी कित्येकांना उपचार अर्धवट सोडावा लागला असता. हाँगकाँगमध्ये तोंडाने घ्यायचे आर्सेनिक बरीच वर्षे वापरात आहे. चीनमध्येही मनशीळ असलेल्या तोंडावाटे घ्यायच्या गोळ्या आणि शिरेतून दिलेले आर्सेनिक यांची तुलना झाली आहे. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या चाचणीत २४२ रुग्ण होते आणि गोळ्या कुठेही कमी पडल्या नाहीत. ज्या रुग्णांचे अहवाल माझ्याकडे येतात, त्यांना आर्सेनिक अजून शिरेतूनच मिळते. आपल्याकडे तयार झालेली, तपासलेली आणि मान्यता असलेली गोळी हाती आली, तर पहिल्या महिन्यानंतर रुग्ण गावी राहून, ठरलेल्या दिवशी जवळच्या रुग्णालयात ईसीजी आणि रक्ततपासणी करून उरलेला उपचार पूर्ण करू शकेल, आणि त्या तपासण्यांपैकी काही माझ्यासारख्यांच्या टेबलावर येतील.